निरुपयोगी ओळ कुणी पुसली?

गेल्या अंकात बेअर-मेटलचा विषय निघाला आणि पत्रांचा ढीग लागला. बेअर-मेटल म्हणजे मध्ये ऑपरेटिंग सिस्टीम न घेता मायक्रोकंट्रोलरच्या (एका चिपमधल्या छोट्या संगणकाच्या) रजिस्टरांशी, म्हणजे त्याचे भाग चालवणाऱ्या कप्प्यांशी, थेट बोलणारा प्रोग्राम, एवढं नव्या वाचकांसाठी सांगते. बहुतेक पत्रांचा सूर एकच होता : चिप बनवणाऱ्या कंपनीची तयार कोडची लायब्ररी कळत नाही, मॅन्युअल सांगत नाही, जाऊ कुठे? त्यातली काही इथे घेतली आहेत. लांबलचक होती ती कापली, शिव्या गाळल्या.

प्रश्न : मॅडम, एक एलईडी लुकलुकवायला कंपनीची लायब्ररी कित्येक किलोबाइट फ्लॅश खाते, म्हणून ती काढून सगळं स्वतः लिहायला घेतलं. मॅन्युअलमधल्या पायऱ्या तंतोतंत पाळल्या. पोर्टचं क्लॉक, म्हणजे त्याला चालवणारे ठोके, सुरू केलं, पिन आउटपुट केली, मग हाय केली. डीबग बिल्डमध्ये दिवा लागतो. ऑप्टिमायझेशन लावलं की लागत नाही. का ते बघायला ब्रेकपॉइंट (प्रोग्राम मध्येच थांबवणारी खूण) ठेवला की पुन्हा लागतो! मॅन्युअल खोटं बोलतंय का? — लुकलुक

उत्तर : ब्रेकपॉइंट ठेवला की बरा होणारा आजार माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. मी तो स्वतःच्या हाताने ओढवून घेतला होता.

तेव्हा मी एका मोजणी यंत्राचं फर्मवेअर सांभाळत होते. आधीच्या माणसाने लायब्ररीतले तुकडे उचलून आणले होते आणि मला साफसफाईची हुक्की आली. पेरिफेरलचं, म्हणजे चिपमधल्या टायमर किंवा सिरियल पोर्टसारख्या भागाचं, क्लॉक सुरू करणाऱ्या मॅक्रोत तीन ओळी होत्या. पहिलीत क्लॉकचा बिट लावला होता. दुसरीत तेच रजिस्टर परत वाचून एका स्थानिक व्हेरिएबलमध्ये ठेवलं होतं. तिसरीत त्या व्हेरिएबलचं काहीच केलं नव्हतं. 'हा वापरलाच नाही' अशी कुरकुर कंपायलरने करू नये, एवढ्यापुरती ती ओळ. मनात म्हटलं, कुणा शिकाऊ पोराचं काम दिसतंय. खालच्या दोन ओळी पुसल्या, कमिटवर 'निरुपयोगी कोड काढला' असा शेरा मारला आणि कॉलर ताठ करून घरी गेले.

रिलीज बिल्ड, म्हणजे ऑप्टिमायझेशन लावलेला, यंत्रात गेला आणि सिरियल पोर्ट मुका झाला. तीन दिवस मी सोल्डरिंग तपासलं, क्रिस्टल बदलला, केबलवर संशय घेतला. आदल्या दिवशी आपणच पुसलेल्या ओळीकडे मात्र लक्ष गेलं नाही, कारण ती 'निरुपयोगी' होती ना! चौथ्या दिवशी इरॅटा शीट, म्हणजे चिपमधल्या ज्ञात दोषांची यादी, उघडली. तिथे सापडलं : क्लॉकचा बिट लावल्यावर ते क्लॉक प्रत्यक्ष पेरिफेरलपर्यंत पोचायला एक-दोन सायकल लागतात, आणि तेवढ्या वेळात पेरिफेरलच्या रजिस्टरात काही लिहिलं तर ते वाया जातं. मॅन्युअलच्या क्लॉकच्या प्रकरणात याचा उल्लेख नव्हता. ते रजिस्टर परत वाचणं हाच उपाय होता. वाचन पूर्ण होईपर्यंत प्रोसेसरला थांबावं लागतं, आणि आधीचं लिखाण पोचल्याशिवाय ते वाचन पूर्ण होत नाही.

आता तुमच्या दिव्याकडे येऊ. डीबग बिल्डमध्ये कंपायलर प्रत्येक ओळीला पत्ता नव्याने लोड करतो, मूल्य स्टॅकवर ठेवतो, परत उचलतो. दोन लिखाणांच्या मध्ये आपोआप चार-सहा इन्स्ट्रक्शनं जातात आणि क्लॉकला हवी ती उसंत मिळते. ऑप्टिमायझेशन लावलं की ती भर गळते आणि दुसरं लिखाण पहिल्याच्या पाठोपाठ जाऊन आदळतं. ब्रेकपॉइंटवर तर तुम्ही क्लॉकला अख्खे काही सेकंद देता. दोन लिखाणांच्या मध्ये क्लॉकचं रजिस्टर एकदा वाचा, व्हेरिएबल व्होलटाइल ठेवा म्हणजे कंपायलर ते वाचन उडवणार नाही, दिवा लागेल. आणि वर कॉमेंट लिहा, नाहीतर तुमच्यानंतर येणारी एखादी साफसफाईवाली ते पुसेल.

लायब्ररी काढलीत याला माझी हरकत नाही. मात्र बिल्डमधून काढा, टेबलावरून काढू नका. चिप ज्यांनी घडवली ते इंजिनीअर आणि मॅन्युअल लिहिणारे यांच्यात पुष्कळदा फक्त ईमेल असतात. पण लायब्ररी लिहिणाऱ्याला चिप चालवून दाखवावी लागते. त्यामुळे जे मॅन्युअलमध्ये यायला हवं होतं ते लायब्ररीत एखाद्या बिनकामाच्या वाटणाऱ्या ओळीत दडलेलं असतं. मी आता कुठलाही ड्रायव्हर लिहायला बसले की कंपनीचं इनिशियलायझेशनचं फंक्शन शेजारी उघडते आणि त्यातल्या एकेका ओळीला विचारते, तू मॅन्युअलच्या कुठल्या परिच्छेदातून आलीस? जिला उत्तर देता येत नाही, तिच्यापाशी थांबते.

अशा काही ओळी खरंच कचरा असतात, हेही खरं. चिपच्या जुन्या मालिकेतून चिकटवलेल्या, नव्या चिपला त्यांची गरजच नाही. त्या ओळखायला त्याच कंपनीच्या दोन-तीन मालिकांच्या लायब्रऱ्या शेजारी शेजारी ठेवून बघा. एकीत ओळ आहे, दुसरीत नाही, आणि दुसरीच्या इरॅटात तो दोषही नाही, असं दिसलं तर काढून बघायला हरकत नाही. पण रिलीज बिल्डवर काढून बघा.

प्रश्न : यूआर्टवर (चिपमधल्या सिरियल पोर्टवर) येणारे बाइट मध्येच गायब होतात, पण फक्त डीबगरने एकेक पायरी चालवताना. नुसतं चालू दिलं तर सगळं व्यवस्थित. डीबगरच बिघडला आहे का? — बाइटचोर शोधणारी

उत्तर : डीबगरमध्ये रजिस्टरांची खिडकी उघडी ठेवली असेल तुम्ही. ती बंद करा, चोरी थांबेल.

प्रोग्राम थांबला की ही खिडकी यूआर्टची सगळी रजिस्टरं वाचून दाखवते, त्यात डेटा रजिस्टरही आलं. ते वाचलं की 'बाइट आला आहे' हा फ्लॅग पुसला जातो. काही चिपांवर आधी स्टेटस आणि मग डेटा असं ओळीने वाचलं की एररचे फ्लॅगही जातात, आणि खिडकी नेमकं त्याच क्रमाने वाचते. तुमच्या कोडची पाळी येते तेव्हा ताट रिकामं. चिपच्या रजिस्टरांचं वर्णन करणारी जी एसव्हीडी फाइल डीबगर वापरतो, तिच्यात 'हे वाचलं तर बदल घडतो' असं नोंदवायची सोय आहे. नोंद केलेली असेल तर शहाणा डीबगर ते रजिस्टर आपणहून वाचत नाही. तुमच्या चिपच्या फाइलीत ती नोंद आहे का, टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून बघा. साधी एक्सएमएल असते.

तुम्ही विचारलेलं नाही, पण याच घराण्यातला एक जास्त खोडकर भाऊ आहे म्हणून सांगते. मॅन्युअलमध्ये प्रत्येक बिटाच्या चौकटीखाली बारीक अक्षरांत तो कसा वागतो ते लिहिलेलं असतं. 'एक लिहिला की पुसला जातो' असा प्रकार दिसला की सावध व्हा. समजा टायमरच्या स्टेटसमध्ये बिट ० आणि बिट १ दोन्ही लागले आहेत, म्हणजे रजिस्टरात ३ आहे. तुम्हाला फक्त बिट ० पुसायचा आहे, म्हणून सवयीने |= १ (आधीचं वाचून त्यात १ चा बिट लावून परत लिहिणं) लिहिता. प्रोसेसर ३ वाचतो, त्यात बिट ० लावतो, तो आधीच लागलेला असल्याने ३ च राहतात, आणि ३ लिहितो. दोन्ही फ्लॅग गेले. बिट १ ची घटना घडली होती, याचा मागमूसही उरला नाही. इथे सरळ = १ लिहायचं. याच्या उलट 'शून्य लिहिला की पुसला जातो' असं जिथे असतं, तिथे हव्या त्या जागी शून्य आणि बाकी सगळीकडे एक लिहावे लागतात. एकाच कंपनीच्या एकाच चिपवर टायमरला एक रीत आणि इंटरप्ट कंट्रोलरला दुसरी, असंही पाहिलं आहे. त्यामागे काही थोर विचार असेल असं मला वाटत नाही; ते भाग वेगवेगळ्या गटांनी वेगवेगळ्या वर्षी केले असणार, एवढंच.

प्रश्न : सेन्सरचा आय-टू-सी (दोन तारांच्या बसवरचा) पत्ता डेटाशीटप्रमाणे हेक्स ६८ दिला. उत्तरच येत नाही. — पत्ता चुकलेला

उत्तर : हेक्स डी० देऊन बघा. पत्ता सात बिटांचा असतो आणि आठवा बिट वाचायचं की लिहायचं ते सांगतो. काही लायब्रऱ्यांना पत्ता जसाच्या तसा लागतो, काहींना डावीकडे एक घर सरकवून, आणि फंक्शनच्या पॅरामीटरचं नाव दोन्हीकडे 'पत्ता'च असतं. सेन्सरवाल्यांमध्येही हीच गंमत : कुणी सात बिटांचा छापतो, कुणी आठ. लाइन हाय ठेवणारे पुलअप रेझिस्टर लावले आहेत ना, तेवढं आधी बघा.

प्रश्न : बटणाच्या इंटरप्टमध्ये (बटण दाबताच मुख्य काम थांबवून चालणाऱ्या फंक्शनमध्ये) डीबाउन्ससाठी, म्हणजे बटणाची थरथर गाळायला, लायब्ररीचं डिले फंक्शन २० मिलिसेकंदांसाठी बोलावलं. बटण दाबलं की चिप कायमची गोठते. मुख्य लूपमध्ये तेच फंक्शन चालतं. — गोठलेला विद्यार्थी

उत्तर : ते डिले फंक्शन एका काउंटरकडे टक लावून बसतं. दर मिलिसेकंदाला सिसटिक या प्रोसेसरमधल्या टायमरचा इंटरप्ट येतो आणि काउंटर एकाने वाढवतो. तुम्ही बटणाच्या इंटरप्टमध्ये असताना सिसटिकचा अग्रक्रम त्याच्या बरोबरीचा किंवा खालचा असेल, तर सिसटिकला आत यायला वाव नाही. काउंटर हलत नाही आणि डिले संपत नाही. कॉर्टेक्स-एम या आर्मच्या प्रोसेसरांवर अग्रक्रमाचा आकडा जितका लहान तितका इंटरप्ट तातडीचा, हे उलटं गणित डोक्यात पक्कं बसायला मला स्वतःला वर्षभर लागलं असेल.

सिसटिकला वरचा अग्रक्रम द्या, असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. देऊ नका. इंटरप्टमध्ये २० मिलिसेकंद थांबणं हीच मुळात चूक आहे. इंटरप्टमध्ये फक्त वेळ नोंदवा. बटण खरंच दाबलं होतं का, ते मुख्य लूपला ठरवू द्या.

लायब्ररीवर माझा राग आहे तो दुसऱ्या कारणाने. तिची बरीचशी टाइमआउटही याच काउंटरवर चालतात. १०० मिलिसेकंदांत उत्तर नाही आलं तर परत येईन, असं वचन देणारं फंक्शन इंटरप्टमधून बोलावलंत तर तेही परत येत नाही. आणि त्या फंक्शनच्या वर्णनात 'इंटरप्टमधून वापरू नये' हे तीन शब्द लिहायला कुणाला सुचत नाही. म्हणून लायब्ररीच्या कुठल्याही फंक्शनला इंटरप्टमध्ये घेण्याआधी त्याचा सोर्स उघडून आत हा टिकचा काउंटर वाचणारं काही आहे का ते शोधा.

प्रश्न : १६ मेगाहर्ट्झच्या एव्हीआर मायक्रोकंट्रोलरवर बॉड रेट (सेकंदाला किती बिट) ११५२०० ठेवला. फंक्शन म्हणतं यशस्वी. समोर अधूनमधून कचरा दिसतो. ९६०० वर काही तक्रार नाही.

उत्तर : भागाकार हाताने करून बघा. १६०००००० ला १६ गुणिले ११५२०० ने भागलं आणि त्यातून एक वजा केला की ७.६८ येतात. रजिस्टरात पूर्णांकच बसतो, म्हणून ८ लिहिले जातात. मग खरा वेग किती? १६०००००० ला १६ गुणिले ९ ने भागा : १११११. नव्हे, एक आकडा राहिला, ११११११. मागितल्यापेक्षा सुमारे साडेतीन टक्के कमी. घेणारा प्रत्येक बाइटच्या स्टार्ट बिटपासून वेळ मोजतो. दहाव्या बिटाच्या मध्यावर, म्हणजे साडेनऊ बिटांवर, तो जवळजवळ एक-तृतीयांश बिटाने चुकलेला असतो. समोरचा थोडा जरी उलट्या बाजूला सरकला की खेळ खलास.

दुप्पट वेगाचा बिट लावलात तर भाजक १६ ऐवजी ८ होतो, रजिस्टरात १६ बसतात, वेग ११७६४७ होतो आणि चूक सुमारे २.१ टक्क्यांवर येते. बहुतेकदा चालून जातं. नीट करायचं तर १४.७४५६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लावा. त्याला ११५२०० ने नि:शेष भाग जातो. असले विचित्र आकडे क्रिस्टलवर का छापलेले असतात, हे कोडं त्यातून सुटेल.

'यशस्वी' म्हणणाऱ्या फंक्शनला हे गणित येतं, पण ते तुम्हाला सांगत नाही. चांगलं कसं करतात तेही दाखवते : एव्हीआर-लिबसी या एव्हीआरच्या सी लायब्ररीत बॉड रेट काढून देणारी एक छोटी हेडर फाइल आहे. चूक २ टक्क्यांच्या वर गेली की ती कंपाइल करतानाच इशारा देते. छोटंसं काम, आणि किती जणांची रात्र वाचली असेल!

प्रश्न : माझ्या चिपचं रेफरन्स मॅन्युअल १७०० पानांचं आहे. डेटाशीट वेगळी, प्रोग्रॅमिंग मॅन्युअल वेगळं, इरॅटा वेगळा, वर अ‍ॅप्लिकेशन नोट्स. सुरुवात कुठून करू?

उत्तर : इरॅटापासून. तो बहुधा सगळ्यांत बारीक असतो आणि चिपच्या कुठल्या भागावर विसंबायचं नाही ते आधीच कळतं. चिपवर छापलेलं रिव्हिजनचं अक्षर भिंगाने वाचून ठेवा. इरॅटातला प्रत्येक दोष कुठल्या रिव्हिजनला लागू आहे ते तक्त्यात दिलेलं असतं. मग डेटाशीटमधला ब्लॉक डायग्राम आणि पिनांचा तक्ता. मग मॅन्युअलमधलं क्लॉकचं प्रकरण, हे मात्र शब्दन् शब्द. बाकीची पानं गरज पडेल तशी. इंटरप्ट, सिसटिक, फॉल्ट यांचं तुमच्या मॅन्युअलमध्ये नीट सापडणार नाही, कारण तो प्रोसेसरचा गाभा आर्म कंपनीकडून आलेला असतो आणि त्याची कागदपत्रं वेगळी. काखेत कळसा आणि गावाला वळसा असं होतं ते इथे. वेगळ्या वाटेची कागदपत्रं बघायची असतील तर रास्पबेरी पायच्या आरपी२०४० या मायक्रोकंट्रोलरची डेटाशीट उतरवून चाळा. रजिस्टरं, उदाहरणाचा कोड आणि दोषांची यादी एकाच फाइलीत आहे.

प्रश्न : कोड जनरेटरने पिन बदलून पुन्हा फाइल तयार केली आणि माझं दोन दिवसांचं काम उडालं.

उत्तर : फार वाईट वाटलं. 'युजर कोड बिगिन' आणि 'युजर कोड एंड' या दोन कॉमेंटच्या मधलं तेवढंच तो राखतो. स्वतःचा कोड वेगळ्या फाइलीत ठेवा आणि जनरेटरच्या फाइलीतून फक्त एक फंक्शन बोलवा. जनरेटरचं बटण दाबण्याआधी कमिट करा.

प्रश्न : आमचे साहेब म्हणतात, सगळं लायब्ररीतून करा, वेळ नाही. मला सगळं स्वतः लिहायचंय. कोण बरोबर?

उत्तर : यूएसबी, इथरनेट, एसडी कार्डाची फाइल सिस्टीम असेल तर साहेब. ते स्वतः लिहायला घेतलंत तर पुढच्या वर्षी याच वेळी मला पुन्हा पत्र पाठवाल. जीपीआयओ (साध्या पिना), टायमर, यूआर्ट, एडीसी (व्होल्टेज आकड्यात मोजणारा भाग) यांत मात्र तुमच्या बाजूने. लायब्ररीची फंक्शनं समजून घ्यायला जितका वेळ जातो तितक्यात ती रजिस्टरं लिहून होतात, आणि रात्री दोन वाजता काही अडलं तर आपलाच कोड वाचायचा असतो. आय-टू-सी मधल्या पट्ट्यात येतं. तिथे मी आधी लायब्ररी चालवून लॉजिक अ‍ॅनालायझरवर लाइन कशा हलतात ते साठवून ठेवते, मग स्वतःचं लिहून दोन्ही चित्रं ताडून बघते. साहेबांना म्हणावं, दोन दिवस द्या.

प्रश्न : मॅन्युअलमध्ये चूक सापडली तर कंपनीला कळवून काही उपयोग होतो का?

उत्तर : एकदा कळवली होती. टायमरच्या एका तक्त्यात दोन बिटांची नावं अदलाबदल झाली होती. मी ऑसिलोस्कोपचं चित्र जोडून पाठवलं. 'संबंधित विभागाकडे पाठवले आहे' असं उत्तर आलं आणि मग शांतता. जवळजवळ वर्षाने नवी आवृत्ती निघाली, त्यात तक्ता दुरुस्त होता. शेवटच्या पानावरच्या बदलांच्या यादीत मात्र त्याचं नाव नाही. 'किरकोळ शाब्दिक सुधारणा', बस.

तेव्हा कळवा. पण नवी पीडीएफ उतरवली म्हणून जुनी पुसू नका. दोन्ही आवृत्तीच्या क्रमांकासकट प्रोजेक्टच्या रिपॉझिटरीत ठेवा, आणि कोडमध्ये 'मॅन्युअल बघा' एवढंच न लिहिता आवृत्ती आणि विभाग दोन्ही लिहा, कारण नव्या आवृत्तीत एखादं प्रकरण मध्ये घुसलं की पुढचे सगळे क्रमांक सरकतात. माझ्या त्या टायमरच्या फाइलीत कॉमेंट अजून जुन्याच आवृत्तीची आहे. तिच्यात बिटांची नावं उलटी आहेत आणि खालचा कोड बरोबर चालतो. हा अंक छापायला गेला की ती बदलते.